इकोचा कॅम्पर करायचाय? आधी मुलगी कुठे बसणार ते ठरवा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. घरी मारुतीची पाच सीटची पेट्रोल इको आहे. आठवडाभर ती दुकानाच्या मालाला आणि मुलीच्या शाळेला लागते. जोडून सुट्टी आली की तुम्ही, वहिनी आणि आठ वर्षांची लेक अशा तिघांनी कोल्हापुरातून खाली कोकणात उतरायचं आणि हॉटेल न घेता दोन-तीन रात्री गाडीतच काढायच्या, असा बेत आहे. एका फॅब्रिकेटरने कोटेशन दिलंय. त्यात मागची सीट काढून कायमचा पलंग, दोन्ही बाजूंना कपाटं, टपावर ४०० वॉटचं सोलर, २००० वॉटचा इन्व्हर्टर, फ्रिज आणि एक छोटं सिंक आहे. रक्कम लाखाच्या बरीच वर जातेय. तुम्ही विचारलंय की ४०० वॉट पुरेल का, आणि बॅटरी कुठली घ्यावी.

गाड्यांचं वायरिंग आणि आतली फिटिंग हा माझा धंदा आहे, त्यामुळे सोलरवर मी तासभर बोलू शकतो. पण तुमची खरी अडचण सोलरची नाहीच. मागची सीट काढल्यावर प्रवासात मुलगी बसणार कुठे? पुढे दोनच सीट. पलंगावर लोळत घाट उतरायचा, असं कोटेशन करणाऱ्याने गृहीत धरलंय. ते चालणार नाही. चौदा वर्षांखालचं मूल बेल्टशिवाय नेलं तर १,००० रुपये दंड आहे. दंडाचं सोडा, फोंडा घाटात समोरून एसटी वळणावर आली आणि जोरात ब्रेक मारावा लागला तर पलंगावरचं मूल थेट डॅशबोर्डवर येतं. म्हणून पहिला नियम असा की दुसऱ्या रांगेची सीट आणि तिचे बेल्ट जागेवर राहणार. बाकी सगळं त्याच्याभोवती बसवायचं.

हा एक नियम धरला की कोटेशनमधल्या निम्म्या गोष्टी आपोआप गळतात, आणि ते बरंच आहे. गाडी सोमवारी सकाळी पुन्हा दुकानाची झाली पाहिजे. कपाटं ठोकलेल्या इकोत तांदळाची पोती रचता येत नाहीत. जे काही कराल ते दोन माणसांनी अर्ध्या तासात बाहेर काढून माळ्यावर ठेवता आलं पाहिजे, ही दुसरी अट.

या दोन अटींमुळे कायद्याची बाजूही सोपी होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर कंपनीने दिलेले जे तपशील असतात, त्यांत फरक पडेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. आसनसंख्या हा त्यातलाच एक तपशील. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘मोटर कॅरव्हॅन’, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, असा वेगळा प्रकार कायद्यात आहे, त्याला एआयएस-१२४ हे मानक लागतं आणि रीतसर मंजुरी घ्यावी लागते. महाराष्ट्राचं २०२१ चं कॅरव्हॅन पर्यटन धोरण आहे, पण म्हणून घरी पलंग टाकलेली इको कॅरव्हॅन होत नाही. सीट न काढता, पत्रा न कापता, टपाला भोक न पाडता आत ठेवलेली सुटी फळी आणि पेटी हे सामान आहे, आणि ते सामानच राहू द्या. सीट काढून वर कपाटं ठोकलीत तर मात्र अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर काय लिहील याचा विचार आधी करा. एखादी गोष्ट पक्की बसवायची असेलच, तर विमा कंपनीला आधी पत्र किंवा ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा.

आता पलंग. इथे मात्र तुमची गाडी बघितल्याशिवाय छातीठोक सांगता येणार नाही. तुमच्या सीटची पाठ पुढे किती पडते, पडल्यावर सपाट होते की उतार राहतो, यावर सगळी उंची ठरते. पाठ नीट पडत असेल तर काम सरळ आहे. मागच्या दाराजवळ डिकीच्या जागेत एक बळकट खोका, त्याच्या वरच्या फळीला बिजागरीने जोडलेल्या दोन फळ्या, आणि त्या पुढे उलगडल्या की पडलेल्या सीटवरून पुढच्या सीटच्या पाठीपर्यंत जातात. सीटच्या गादीवर फळी टेकवायची नाही, ती दबते आणि रात्रभर डुगडुगते. फळीला दुमडणारे पाय लावून ते तळाच्या पत्र्यावर उतरवायचे. पाठ पडतच नसेल तर पलंगाची उंची इतकी वाढते की वर बसायला डोकं टेकतं. तशा वेळी मी गिऱ्हाईकाला सरळ सांगतो की गाडी स्वयंपाक-सामानाला ठेवा आणि मागच्या दाराला जोडून तंबू लावा. इकोचं मागचं दार वर उघडतं, त्यामुळे ते आयतं छप्पर होतं. ज्यांची गाडी अजून घ्यायची आहे त्यांनी रेनॉच्या ट्रायबरसारखा पर्यायही बघावा. तिची तिसरी रांग कंपनीनेच काढता-घालता येईल अशी दिली आहे. पण बसल्या जागी डोक्यावर मिळणारी मोकळी उंची इकोत जास्त, आणि तुमच्याकडे इको आहेच.

प्लाय कापायच्या आधी पुठ्ठा कापा. फ्रिजच्या किंवा वॉशिंग मशीनच्या खोक्याचा पुठ्ठा कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. पलंगाच्या मापाचा तुकडा गाडीत टाका, त्याखाली विटा लावून उंची आणा आणि तिघंही एकदा खरोखर झोपून बघा. टेपने माप घेताना लोक तळाशी घेतात. पुढच्या सीटची पाठ मागे कललेली असते, त्यामुळे पलंगाच्या उंचीवर लांबी तळापेक्षा कमी भरते. तुम्ही पाच फूट दहा इंच आहात असं लिहिलंय, तेव्हा तुमचा प्रश्न त्या चार-सहा इंचांतच सुटणार किंवा अडणार. पुढच्या सीट पूर्ण पुढे सरकवून मापा. रुंदीचं सांगायचं तर इको बाहेरून १,४७५ मिलिमीटर. पत्रा, अस्तर आणि चाकांवरचे उंचवटे वजा जाता सव्वा मीटरच्या आसपास हातात येते. दोन मोठी माणसं आणि मधे आठ वर्षांची मुलगी एवढ्यात मावतात, पण कुशीवर. आणखी दोन-तीन वर्षांनी नाही मावणार. म्हणून आत्ताच पुढच्या दोन सीटवर आडवी टाकायची एक अरुंद फळी त्याच प्लायमधून कापून ठेवा, पुढे लेकीला स्वतंत्र बर्थ मिळेल.

प्लाय १२ मिलिमीटरचा, आयएस ७१० शिक्क्याचा, म्हणजे पाण्यात टिकणारा, घ्या आणि खालून आडव्या पट्ट्या मारा. सुतार १८ मिलिमीटरचा आग्रह धरेल, कारण त्याला घरातल्या पलंगाची सवय. आठ बाय चारचा १२ चा ताव साधारण २३ किलो, १८ चा ३५. वजनाचं गणित इथे महत्त्वाचं आहे. आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीची कमाल मर्यादा दोन्ही लिहिलेलं असतं, त्यांची वजाबाकी करा. पेट्रोल इकोत ती साधारण साडेपाचशे किलोच्या आसपास येते. कागदावर भरपूर वाटते. पण तिघांचं वजन, चाळीस लिटर पाणी, गाद्या, भांडी, कपडे, बॅटरी, पलंग असं करत तुम्ही सहज तीनशेच्या पुढे जाता, आणि त्यातलं बरंचसं मागच्या चाकांच्या आसपास. १.२ लिटरचं इंजिन आणि १३ इंची टायर हे घाटात लक्षात राहू द्या. टायरची हवा भरलेल्या गाडीच्या आकड्यावर ठेवा, तो आकडा गाडीवरच्या स्टिकरवर असतो.

पलंग बसवायला तळाच्या पत्र्यात स्क्रू मारू नका. इकोच्या तळाखाली इंधनाच्या आणि ब्रेकच्या नळ्या जातात. आणि कोकणच्या खाऱ्या हवेत पत्र्याला पाडलेल्या प्रत्येक भोकाभोवती दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत गंज चढतो. खोका तळाच्या जुन्या बोल्टच्या जागांना किंवा मालवाहू पट्ट्यांनी आवळा. आणखी एक, इकोचं इंजिन पुढच्या सीटखाली आहे. ती सीट उचलायच्या आड येईल असं काहीही त्या भागात बांधू नका. रस्त्यावर इंजिनचा बेल्ट तुटला तर मेकॅनिक आधी तुमचा पलंग उपसत बसेल.

आता विजेकडे येतो, कारण तुमचा पैसा मुख्यतः इथे चाललाय. लोक आधी पॅनल ठरवतात आणि मग त्यावर काय चालेल ते विचारतात. उलटं करा. एका रात्रीला काय लागतं ते मांडा. बारा व्होल्टचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा २० वॉटचा धरला आणि नऊ तास चालवला तर १८० वॉट-तास. दोन एलईडी दिवे, चार-चार वॉटचे, चार तास, म्हणजे ३२. तीन मोबाइल किंवा दोन मोबाइल आणि एक टॅब, म्हणजे ४५. पाण्याचा छोटा पंप लावलाच तर तो हिशेबात धरण्याइतकाही खात नाही. एकूण २६० च्या आसपास. तीन रात्रींचे ७८०.

शंभर अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी म्हणजे १२.८ गुणिले १००, १,२८० वॉट-तास. तळ न गाठता त्यातले हजार वापरता येतात. म्हणजे घरून पूर्ण चार्ज करून निघालात तर तीन रात्री निघून वर उरतं. सोलरचा एकही वॉट न लागता. शिवाय कोल्हापूर ते मालवण राधानगरी-फोंड्यावरून चारेक तासांचा रस्ता आहे. त्या वेळात २० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर (गाडीच्या विजेवर दुसरी बॅटरी भरणारा) अल्टरनेटरवरून, म्हणजे इंजिनवर फिरणाऱ्या जनित्रावरून, हजारभर वॉट-तास बॅटरीत घालू शकतो. रोज तासभर गाडी फिरली तरी आदल्या रात्रीचा खर्च भरून निघतो. सोलर लागतं ते एकाच जागी तीन-चार दिवस ठाण मांडून बसणाऱ्याला. तुम्ही तसे नाही, निदान आत्ता तरी.

हा सगळा हिशेब फ्रिज आला की कोलमडतो. लहान कॉम्प्रेसर फ्रिज ४५ वॉटचा असला तरी कोकणातल्या उकाड्यात चोवीस तासांतला जवळजवळ निम्मा वेळ चालतो, म्हणजे दिवसाला ४३० ते ५४० वॉट-तास. बाकी सगळ्याच्या दुप्पट एकटा फ्रिज. मग मोठी बॅटरी, मग पॅनल, मग टपावर कॅरिअर, अशी ती साखळी लांबत जाते. दोन-तीन रात्रींसाठी चांगल्या जाडीची बर्फपेटी घ्या. मालवण, वेंगुर्ला, देवगड, जिथे मासळी उतरते तिथे बर्फ मिळतोच. घरून निघताना पाण्याच्या दोन बाटल्या फ्रीझरमध्ये गोठवून टाका, दुसऱ्या दिवशी तेच प्यायचं पाणी. मुलीला इन्सुलिन किंवा तसलं काही औषध लागत असेल तर गोष्ट वेगळी, मग फ्रिज घ्या आणि मी दिलेला सगळा हिशेब तिप्पट करा.

४०० वॉटचं सोलर टपावर म्हणजे चार कडक पॅनल, प्रत्येकी सात-आठ किलो, वर फ्रेम. पन्नासेक किलो वजन सर्वांत वर. १,८२५ मिलिमीटर उंच आणि दीड मीटरही रुंद नसलेल्या गाडीच्या टपावर! करूळ घाटातल्या वाऱ्यात ते स्टिअरिंगला कळतं. शिवाय पॅनलला ऊन हवं म्हणून गाडी उन्हात उभी करायची आणि आपण आत भाजायचं. पुढे कधी सोलर घेतलंच तर १०० वॉटचं दुमडणारं पॅनल घ्या, त्याला पाच-सहा मीटरची वायर लावा. गाडी आंब्याखाली, पॅनल उन्हात. आपल्याकडच्या निरभ्र दिवसात तेवढ्यावर साडेतीनशे-चारशे वॉट-तास मिळतात. जून ते सप्टेंबर त्यावर विसंबू नका.

लिथियम का आणि इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी का नको, असंही तुम्ही विचारलंय. दीडशेची ट्यूब्युलर पन्नास किलोच्या वर जाते आणि निम्म्याखाली उतरवली तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. चार्ज होताना हायड्रोजन सोडते, ते झोपायच्या बंद जागेत नको. शंभरची लिथियम फॉस्फेट बारा-तेरा किलो. किंमत जास्त आहे, मान्य. पण एकाच ठिकाणी पैसे सोडायचे असतील तर ते इथे सोडा. घेताना आत बीएमएस (बॅटरीला जपणारं सर्किट) आहे ना आणि तो सतत किती अँपिअर देऊ शकतो, हे लेखी घ्या.

माझी शिफारस अशी की बॅटरी गाडीत पक्की बसवूच नका. एका झाकणाच्या मजबूत क्रेटमध्ये बॅटरी, तिच्या प्लस टोकापासून वीतभर अंतराच्या आत मुख्य फ्यूज, सहा छोट्या फ्यूजांचा डबा, दोन यूएसबी सॉकेट, एक व्होल्टमीटर. गाडीच्या बाजूने चार्जरची वायर येते ती अँडरसन कनेक्टरने (जास्त करंटचा, ओढला की सुटणारा प्लग) क्रेटला जोडायची. रविवारी रात्री कनेक्टर ओढला, क्रेट उचलून घरात, लिथियमला चालणाऱ्या चार्जरवर लावून दिला. लाइट गेली की तोच क्रेट घरात पंखा-वायफाय चालवतो, म्हणजे खर्च दोन्हीकडे वसूल. हेच सगळं तयार ‘पॉवर स्टेशन’ म्हणूनही मिळतं. वायरिंगची भीती वाटत असेल तर सरळ ते घ्या, त्यात कमीपणा नाही. फक्त गाडीच्या सिगरेट सॉकेटवरून ते फार सावकाश भरतं, हे लक्षात ठेवून घरून भरूनच निघा. क्रेट असो की पॉवर स्टेशन, चालत्या गाडीत पट्ट्याने तळाला आवळलेलं पाहिजे. धडकेत बारा किलोची सुटी वस्तू बारा किलोची राहत नाही.

गाडीच्या मूळ बॅटरीवर रात्री पंखा लावायचा नाही, एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण काही इलेक्ट्रिशियन खर्च वाचवायला चार्जरऐवजी साधा रिले (विजेवर चालणारा स्विच) टाकून दोन्ही बॅटऱ्या जोडून देतात. जुन्या लेड बॅटरीला ते चालायचं. रिकामी लिथियम मात्र मिळेल तेवढा करंट ओढते आणि इकोसारख्या लहान गाडीचा अल्टरनेटर तापत राहतो. चार्जर मधे असला की तो २० अँपिअरवर लगाम ठेवतो. त्याला इग्निशनची वायर जोडा, म्हणजे इंजिन बंद असताना तो मूळ बॅटरी पिणार नाही.

वायरच्या जाडीवर थोडं थांबतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींचं मूळ बहुतेकदा इथेच असतं. तो चार्जर बॅटरीत २० अँपिअर घालताना पलीकडून २५ च्या आसपास ओढतो. मूळ बॅटरीपासून मागच्या क्रेटपर्यंत चार मीटर धरले, म्हणजे जाऊन-येऊन आठ. चार स्क्वेअरच्या (चार चौरस मिलिमीटर छेदाच्या) तांब्याच्या वायरमध्ये जवळजवळ ०.९ व्होल्ट वाटेतच जातात. दहा स्क्वेअरच्या वायरमध्ये ०.३५. बारा व्होल्टच्या धंद्यात एक व्होल्ट म्हणजे पुष्कळ झाला. म्हणून दहा स्क्वेअर, आणि मूळ बॅटरीच्या टोकाला ४० अँपिअरचा फ्यूज. क्रेटच्या बाजूनेही फ्यूज, कारण त्या वायरला दोन्हीकडून करंट येऊ शकतो.

परवा एक जण अशीच गाडी घेऊन आले. रात्री पंखा मंदावतो, बॅटरी खराब आहे, बदलून द्या. मीटर लावला. बॅटरीच्या टोकांवर १३.१ व्होल्ट, पंख्याच्या पिनवर ११.२. बॅटरी ठणठणीत होती. अस्तर उचकटलं तर मधे दोन वायरी पिळून वर काळी टेप गुंडाळलेली. पंखा चालू ठेवून त्या सांध्याला बोट लावलं, कोमट नाही, चांगला गरम. टेपचा गोंद वितळून अस्तराला चिकटला होता. वीस वॉटच्या पंख्याची ही गत, तर त्याच हाताने २००० वॉटचा इन्व्हर्टर जोडला असता तर काय झालं असतं? तो पूर्ण भारावर बारा व्होल्टमधून १६० अँपिअरच्या वर ओढतो.

तेव्हा सांधा कसा करून घ्यायचा ते बघून ठेवा. लग म्हणजे वायरच्या टोकाला बसणारं तांब्याचं टर्मिनल. वायर त्याच्या नळीएवढीच सोलायची, एकही तार न तुटता. तारा नळीत गेल्या की लगच्या छिद्रातून तांबं दिसलं पाहिजे. मग षटकोनी दाब देणाऱ्या क्रिम्पिंग टूलने दाबायचं, पकडीने चेपायचं नाही. वरून हीट-श्रिंक नळी. शेवटी लग एका हातात, वायर दुसऱ्या हातात धरून जीव लावून ओढायची. सुटली तर ती रस्त्यावरच्या खड्ड्यात सुटणारच होती. वायरी दरवाजाच्या रुळाजवळून नेऊ नका. पत्र्यातून जिथे आरपार जातात तिथे भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट (कडी) हवाच.

इन्व्हर्टर तुम्हाला मिक्सरसाठी हवा आहे, बरोबर? पाचशे वॉटचा मिक्सर दोन मिनिटं चालला तर ऊर्जा किरकोळच जाते, पण सुरू होतानाच्या झटक्यासाठी इन्व्हर्टर मोठा घ्यावा लागतो. चटणी-वाटण घरून करून न्या, खोबरं-लसूण कोरडं टिकतं. इंडक्शनचं नावच काढू नका, अर्ध्या तासाला तीन रात्रींची वीज खाईल. लॅपटॉपसाठी बारा व्होल्टवर चालणारा चार्जर मिळतो.

वीज झाली. पण कोकणात माणूस झोपेविना परत येतो तो हवेमुळे. मे महिन्यात मालवणात मध्यरात्रीही घाम येतो, आणि कुठलाही पंखा बाहेरच्या हवेपेक्षा गार हवा देत नाही, फक्त अंगावरून फिरवतो. त्यामुळे हवा एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर जायला वाट हवी. पुढच्या दोन्ही काचा चार बोटं खाली आणि त्यावर दाराच्या चौकटीला बसेल अशी जाळीची खोळ, मागच्या दाराला चेनवाली मच्छरदाणी. आंगणात किंवा ओळखीच्या जागी मागचं दार उघडं टाकून झोपलात तर फरक लगेच कळतो. अनोळखी जागी दार लावून घ्या. पंखा पायांकडून डोक्याकडे वारा देईल असा बांधा. पावसाळ्यात उलटं संकट. तीन माणसांच्या श्वासातली वाफ पत्र्यावर जमून पहाटे छपराच्या पट्टीवरून टपटपते. छताच्या आत बंद पेशींचा फोम चिकटवला तर ते बरंच थांबतं, दिवसाची उष्णताही घटते. थर्मोकोल आणि कापूस-स्पंज नको, पाणी धरून पत्रा कुजवतात. काचांना चंदेरी बबल शीटचे तुकडे कापून ठेवा, तोच पडदा. गादी चार इंचांची पुरे, तीन तुकड्यांत शिवून घ्या म्हणजे दिवसा बाहेर बसायलाही होते. फळीला मधून मधून भोकं पाडा, नाहीतर गादीखाली बुरशी येते.

स्वयंपाक गाडीबाहेर, मागच्या दाराच्या छपराखाली. पाऊस असला तरी. आत गॅस पेटवायचा नाही, यावर माझी तडजोड नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साचून राहतो, आणि तिथेच तुमची बॅटरी. जळताना खेळती हवा नसेल तर कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नाही. एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपणाऱ्यांनाही हेच लागू. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या कॅरव्हॅनमध्ये दोघे जण मृत सापडले, जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता. बॅटरीवर चालणारा सीओ (कार्बन मोनॉक्साइड) अलार्म मिळतो, उशाशी लावा. दोन-तीन दिवसांना ब्युटेनच्या छोट्या डब्यावरची शेगडी सोयीची. पाच किलोची टाकी नेलीत तर उभी बांधा आणि रात्री रेग्युलेटर काढून गाडीबाहेर ठेवा.

सिंक रद्द. वीस लिटरचे दोन कॅन, एकाला खाली तोटी, बस्स. भांडी घासायला एक टब. शौचालयाचा विचार तुम्ही लिहिलेलाच नाही, आणि मुक्काम कुठे करायचा हे खरं तर त्यावरच ठरतं. मी लोकांना सांगतो की किनाऱ्यालगतच्या एखाद्या घरगुती खाणावळीत जेवण सांगा आणि आंगणात गाडी लावायची परवानगी मागा. संडास-न्हाणीघर मिळतं, रात्री कोणी उठवत नाही, आणि सोलकढी आयती. दाजीपूरच्या जंगलात वाटेत थांबून झोपायचा विचार असेल तर तो काढून टाका, ते अभयारण्य आहे. आणि वाळूत गाडी उतरवू नका. मागची चाकं ओढणारी भरलेली इको वाळूत रुतली की भरतीच्या आत ट्रॅक्टर शोधत फिरावं लागतं.

लडाखचं तुम्ही शेवटी एका ओळीत विचारलंय. पुढच्या वर्षी बघू. तिथे शून्याखाली लिथियम बॅटरी चार्ज करता येत नाही, ब्युटेन शून्याच्या आसपास पेटायला नकार देतो, आणि इकोचा ग्राउंड क्लिअरन्स १६० मिलिमीटर आहे. या गाडीने जाणारे जातात, पण ती तयारी वेगळी.

आता फॅब्रिकेटरला काय सांगायचं. सीट काढणं, कपाटं, सिंक, टपावरचं सोलर, मोठा इन्व्हर्टर आणि फ्रिज या ओळी कोटेशनमधून काट मारा. त्याच्याकडून फक्त खोका, दोन उलगडत्या फळ्या, दुमडते पाय आणि लेकीची पुढची फळी करून घ्या. प्लायच्या कडा पॉलिश करून बंद करायला सांगा, नाहीतर कोकणात फुगतात. वायरिंग त्याच्या माणसाकडून नको, ऑटो इलेक्ट्रिशियनकडून, आणि दहा स्क्वेअरची वायर समोर उघडून दाखवायला लावा. बाजारात तांब्याच्या मुलाम्याची अॅल्युमिनियम वायर सर्रास दहाची म्हणून खपते. टोक सुरीने खरवडलं की आतून पांढरी निघते. लाखाच्या आत हे सगळं बसावं. बॅटरी, चार्जर आणि वायरिंग मिळून त्यातला निम्म्याहून जास्त भाग खाईल. उरलेल्यातून आधी मच्छरदाणी शिवून घ्या, पुठ्ठ्याचा पलंग टाका आणि घरासमोरच्या रस्त्यावर गाडी लावून एक रात्र तिघं झोपा. सीटची पाठ किती पडते आणि पलंगाच्या उंचीवर लांबी किती भरते ते मला सेंटिमीटरमध्ये कळवा, मग फळ्यांचं कटिंग एका तावात कसं बसतं ते काढून देतो.